ऱ्हाईन नदी आणि यादीबाहेरची रसायने

स्वित्झर्लंडमध्ये उगम पावणारी ऱ्हाईन नदी फ्रान्सच्या सीमेवरून आणि जर्मनीतून वाहत नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. वरच्या अंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी खालच्या शहरांच्या पिण्याच्या पाण्यात उतरत असल्यामुळे तिच्या तपासणीचा प्रश्न एका देशापुरता राहणे शक्य नव्हते आणि त्यातूनच १९५० मध्ये बासेल येथे ऱ्हाईनच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. नियमित नमुने घेण्याची पद्धत पुढे रुळली, तरी मोजमाप मुख्यतः क्षार, जड धातू अशा परिचित घटकांचेच होत असे.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि ती विझवण्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके व पाऱ्याची संयुगे नदीत गेल्याने सुमारे ४०० किलोमीटरच्या पट्ट्यातील वाम मासे मेले. या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये ऱ्हाईन कृती कार्यक्रम स्वीकारण्यात आला, तर १९९३ मध्ये बासेलच्या खालच्या अंगाला वाइल आम ऱ्हाईन येथे स्वित्झर्लंड व जर्मनीचे संयुक्त तपासणी केंद्र सुरू झाले.

अपघाताचे विष मासे मेल्यावर दिसते. औषधांचे सूक्ष्म अंश मात्र दिसत नाहीत. बर्लिनमध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी तणनाशकांचा शोध घेताना भूजलात क्लोफायब्रिक आम्ल आढळले, जे रक्तातील चरबी कमी करणाऱ्या औषधांपासून शरीरात तयार होते. अशा पदार्थांना उदयोन्मुख प्रदूषके म्हणतात: ती नवीच असतात असे नाही, पण नेहमीच्या तपासणीच्या यादीत त्यांना स्थान नसते. घटक वेगळे करणारी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि रेणूंचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या जोडीमुळे लिटरमागे नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, इतके अल्प प्रमाणही मोजता येऊ लागले. पुढे वाइल आम ऱ्हाईन येथे आधी यादी न ठरवता नमुन्यातील अनोळखी संयुगेही टिपणारी पद्धत रोजच्या कामात आली, तर युरोपीय संघाने २०१५ मध्ये डायक्लोफेनॅकसारख्या औषधांचा समावेश असलेली पहिली निरीक्षण यादी जाहीर केली.

तपासणी अहवालातील ‘आढळले नाही’ हा शेरा शोधलेल्या पदार्थांपुरताच खरा असतो, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. म्हणून नमुने घेण्याइतकेच यादी वेळोवेळी तपासणे हेही जलनिरीक्षणाचे मूलभूत काम ठरते.