ऋतुपर्णाचा बेहडा आणि मोसमाचा पहिला घोडा

महाभारताच्या वनपर्वातली नळाची कथा आपण सर्वांनी वाचलेली असते. पण तिच्यातला एक प्रसंग बहुधा घाईने ओलांडला जातो. फाशांच्या खेळात राज्य घालवलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे रथातून विदर्भातल्या कुंडिनपुराकडे निघतात. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजा रथातूनच सांगतो, की या दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत. नळाला ते पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. आकडा बरोबर निघतो! मग दोघांत विद्यांची देवघेव होते. राजा नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म देतो आणि नळ राजाला अश्वहृदय, म्हणजे घोड्यांचे मर्म देतो.

विसरवाडी-नवापूर भागातल्या मुलांना बेहडा पुस्तकातून शिकवावा लागत नाही. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो हे घरोघरी ठाऊक असते. पण वेदकाळात याच बेहड्याच्या बिया फासे म्हणून वापरत, हे शिक्षकांनाही पुष्कळदा माहीत नसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे जे सूक्त आहे, त्यातले फासे बेहड्याचेच आहेत. हे फासे ठिपक्यांचे नव्हते. अनेक अभ्यासकांच्या मते खेळणारा ढिगातून मूठभर बिया उचली आणि त्यांना चाराने भागून काय उरते ते पाही. बाकी काहीच न उरली तर कृत, म्हणजे सर्वात चांगला डाव. एक उरला तर कली, सर्वात वाईट. तसे असेल, तर ढिगाकडे पाहून संख्या ओळखणारी नजर हेच या खेळातले कसब ठरते. ऋतुपर्णाला फळे मोजता येणे आणि फासे खेळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

राजाने अंदाज कसा केला, हे कथा सांगत नाही. थोड्या भागावरून सगळ्याचा अंदाज बांधण्याची, म्हणजे नमुना-पाहणीची जाण यात दिसते, असे काही आधुनिक अभ्यासकांना वाटते. इयान हॅकिंग यांच्या संभाव्यतेच्या इतिहासावरील १९७५ च्या पुस्तकामुळे हा प्रसंग जगभर पोचला. त्याकडे लक्ष वेधणाऱ्यांत विद्याधर गोडंबे हे आपल्याकडचे संख्याशास्त्रज्ञही होते.

अश्व आणि अक्ष पुन्हा एकत्र आले ते फार नंतर, रेसकोर्सवर. इंग्रजी अमलात मुंबईत आधी भायखळ्याला शर्यती होत. महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. सुरुवातीच्या काळात अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून जहाजाने आलेले घोडे इथे पळत. पुढे थरोब्रेड जातीच्या घोड्यांची पैदास आपल्याकडेच होऊ लागली. (पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा घोडे-पैदाशीचा व्यवसाय आणि १९६६ ची सीरम इन्स्टिट्यूट यांचे नाते असेच आहे, प्रतिविषाचे सीरम घोड्याच्या रक्तातून मिळते, हे त्यामागचे कारण. पण तो विषय वेगळा.) पुण्यात शर्यती पावसाळ्यात, मुंबईत हिवाळ्यात, दोन्हीकडे सपाट मैदानावरच्या, अडथळे नसलेल्या.

साधारण त्याच हिवाळ्यात, दत्तजयंतीला, आपल्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची जुनी रीत आहे. भाव दोघांनाच कळतो. रेसकोर्सवर याच्या अगदी उलट असते : प्रत्येक घोड्याचा भाव फलकावर सर्वांसमोर असतो. हा भाव कोण ठरवते?

एक तर बुकी ठरवतो. दुसरी पद्धत जोसेफ ओलेर याने १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये काढली. तिच्यात सर्वांचे पैसे एका राशीत जमा होतात, त्यातून चालकाचा हिस्सा व कर वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटली जाते. फ्रान्सने १८९१ मध्ये बुकींना बंदी घालून हीच पद्धत कायदेशीर केली. आपल्याकडे तिला टोट म्हणतात. ही आकडेमोड आपोआप करणारे पहिले यंत्र जॉर्ज ज्यूलियस याने १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडला बसवले. गंमत अशी, की ज्यूलियसने मुळात मते मोजण्याचे यंत्र कल्पिले होते. सरकारने ते नाकारले, तेव्हा ते घोड्यांच्या कामी आले. टोटचा फलक हा एक प्रकारे मतमोजणीचाच फलक असतो.

आता मुख्य मुद्दा. वर्गात हा प्रयोग करून पहावा. दोन फासे टाकून येणारी बेरीज, २ ते १२, हे अकरा घोडे. ३६ मुलांनी प्रत्येकी एक चिंचोका आवडत्या घोड्यावर लावायचा. ७ ही बेरीज सर्वात जास्त वेळा, ३६ पैकी ६ प्रकारे येते, हे ठाऊक असल्याने समजा ९ मुलांनी ७ वर चिंचोके लावले आणि ११ वर फक्त एकाने लावला. ७ आले तर राशीतले ३६ चिंचोके नऊ जणांत वाटले जातील, प्रत्येकी ४. ११ आले तर सगळे ३६ एकट्याला. सरासरीने ३६ शर्यतींत ७ सहा वेळा येईल : दर वेळी एक चिंचोका लावणारा ३६ देऊन २४ परत मिळवील. ११ दोनच वेळा येईल, पण तिथे ३६ देऊन ७२ मिळतील. ७ हा सर्वात चांगला घोडा आहे आणि सर्वात वाईट सौदाही आहे. कोण जिंकेल हा एक प्रश्न आणि मागितलेल्या भावात तो परवडतो का हा दुसरा. पास्काल आणि फर्मा यांचा १६५४ चा पत्रव्यवहार आणि हायगेन्सचे १६५७ चे पुस्तक यांतून हा दुसरा प्रश्न गणितात आला. आपण त्याला अपेक्षित मूल्य म्हणतो.

फाशांच्या बाबतीत शक्यता आधीच ठाऊक असते. घोड्याची शक्यता मात्र कुठेच लिहिलेली नसते. ती मागच्या शर्यतींवरून ताडावी लागते, आणि मोसमाच्या आरंभी मागच्या शर्यती जवळजवळ नसतातच. तरुण घोडा एकदोनदाच पळालेला असतो, वयस्क घोडा काही महिने विश्रांती घेऊन आलेला असतो. म्हणजे ऋतुपर्णासारख्या आपल्यासमोर दोनच फांद्या. त्यातही फरक असा, की बेहड्याचे झाड मोजणी होईपर्यंत बदलत नाही. घोडा अजून वाढत असतो.

या वाढीची एक बाजू शिक्षकांना चटकन उमगेल. उत्तर गोलार्धातल्या सर्व थरोब्रेड घोड्यांचे वय एकाच दिवशी, १ जानेवारीला, एका वर्षाने वाढते. जानेवारीत जन्मलेले आणि मेमध्ये जन्मलेले शिंगरू कागदोपत्री समवयस्क! पहिलीच्या वर्गात जवळजवळ वर्षाचे अंतर असलेली दोन मुले शेजारी बसतात आणि थोरल्याला आपण हुशार म्हणतो, तसेच हे. या नियमाने मुंबईत डिसेंबरमध्ये गिनी शर्यतीत धावणारा तीन वर्षांचा घोडा फेब्रुवारीत इंडियन डर्बीला चार वर्षांचा होऊन उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये ॲडमिरल हेन्री रूस याने वय आणि महिना पाहून घोड्याच्या पाठीवरचे वजन ठरवण्याचे कोष्टक केले. लहान घोड्याला दिलेली सवलत त्यात महिन्यागणिक कमी होत जाते. पण कोष्टक सरासरी घोड्याचे. समोरचा घोडा उशिरा वयात येणारा असेल तर त्याचे पहिले दोन पराभव आपल्याला फारसे काही सांगत नाहीत. एक मोठा विजयही फारसे सांगत नाही. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये उंचीच्या संदर्भात दाखवलेला सरासरीकडे परतण्याचा नियम घोड्यांनाही लागू पडतो.

अशा वेळी गर्दी कशावर विसंबते? प्रशिक्षकाच्या नावावर, जॉकीवर, घोड्याच्या बापावर, गेल्या मोसमाच्या आठवणीवर. म्हणून जाणकार म्हणतात, की भाव चुकतात ते आरंभीच. हे खरे मानले, तरी अर्धेच खरे आहे. ज्या माहितीच्या तुटवड्याने गर्दी चुकते, त्याच तुटवड्यात आपणही असतो. गर्दीचा भाव आणि आपला अंदाज यांत अंतर दिसले, की चूक गर्दीचीच असे मानणे हाच खरा धोका. शिवाय गर्दी अगदीच भोळी नसते. आर. एम. ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेतल्या शर्यतींचे भाव तपासले, तेव्हा ते एकंदरीत प्रत्यक्ष निकालांशी जुळणारे निघाले. चूक टोकांना होती. क्वचित जिंकणाऱ्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावत आणि आवडत्या घोड्यांवर कमी. आमच्या चिंचोक्यांच्या नेमके उलट.

त्यात वजावट येते. वरच्या प्रयोगात शिक्षकांनी राशीतून आधीच ६ चिंचोके काढून घेतले, तर ७ वाल्यांना ४ ऐवजी सव्वातीनच्या आसपास मिळतील. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. अंदाज गर्दीपेक्षा थोडा सरस असून मग भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, आणि ते आम्हाला पटते. पण कौशल्य असणे आणि फायदा होणे यांच्यामध्ये ही वजावट उभी असते. मटक्यात तर कौशल्याचाही प्रश्न नाही. दहातला एक आकडा आणि रुपयाला नऊ : दहा रुपये देऊन सरासरीने नऊ परत. हे एवढे गणित आठवीतल्या मुलाला येते. तरी गावोगावी ते त्याला कुणी करून दाखवलेले नसते, आणि आता जुगार मोबाइलवरून घरात पोचल्यावर ते टाळता येण्यासारखे राहिलेले नाही.

बेहड्याची फळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पिकतात. मुलांना झाडाखाली नेऊन आधी दोन फांद्यांवरची फळे मोजायला सांगावीत, त्यावरून झाडाचा अंदाज प्रत्येकाने वहीत लिहावा, मग दोन-दोन फांद्या वाढवत अंदाज सुधारावा. झाड पाडण्याचे कारण नाही. खालची एखादी मोठी फांदी पूर्ण मोजली तरी पुरते. अंदाजांतील तफावत कितव्या फांदीनंतर कमी होऊ लागते, ते आकडे आम्हाला जरूर कळवावेत.