उसन्या उबेची कुळकथा

शेक घ्यायच्या पिशव्यांमध्ये एक जात अशी आहे, की वापरताना तिला ना वीज लागते ना गरम पाणी. आतली धातूची चकती बोटाने दाबली की ‘टक्’ होतं, चकतीपासून पांढरे स्फटिक धावत सुटतात आणि पाण्यासारखी पिशवी बघता बघता घट्ट होते, तीही गरम! आत असतं सोडियम ॲसिटेट.

त्याचं कूळ स्वयंपाकघरातलं. ‘ॲसिटेट’ आलं लॅटिन ‘ॲसिटम’वरून, म्हणजे शिरका. लिटरभर 5 टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये साधारण 70 ग्रॅम खायचा सोडा थोडा थोडा घातला की फसफसून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे या क्षाराचं पाणी उरतं. व्हिनेगरच्या चवीच्या वेफर्सच्या पाकिटावर 262 हा आकडा दिसला, तर तो याच भावकीचा.

एकोणिसाव्या शतकात मात्र त्याला स्वतःचा मान नव्हता. बंद भट्टीत लाकूड तापवून निघणाऱ्या डांबरट आम्लाचं सोडियम ॲसिटेट करायचं, ते भाजून डांबर घालवायचं, मग गंधकाम्लाने शुद्ध ॲसिटिक आम्ल मोकळं करायचं. तो नुसता मधला टप्पा.

मान मिळाला रेल्वेत. हिवाळ्यात इंग्लंडच्या डब्यांत पायांशी गरम पाण्याचे पत्र्याचे डबे ठेवत. ते लवकर निवत. 1880च्या सुमारास लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने त्यांत सोडियम ॲसिटेट भरलं. पाणी एकसारखं निवत जातं. हा क्षार मात्र 58 अंशांवर उष्णता शोषून वितळतो आणि गोठताना तेवढीच उष्णता सावकाश परत करतो. कधी कधी तो गोठायचं विसरतो आणि द्रवच राहतो. मग डबा हलवायचा, की स्फटिक धरतात आणि ऊब परत येते. पुढे वाफेचे नळ गाड्यांत आले आणि हे डबे मोडीत निघाले.

आजची चकती त्या हलवण्याचीच नात. पिशवी ऊब तयार करत नाही, उकळत्या पाण्याकडून उसनी घेतलेली फेडते. म्हणून पुन्हा उकळताना एकही कण शिल्लक ठेवू नका. राहिला, तर पिशवी निवतानाच गोठेल आणि ऊब वेळेआधीच खर्ची पडेल.