इंग्लंडच्या न्यायासनाची भाषा

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबारात व न्यायसभेत फ्रेंचचा अंमल बसला, आणि रयतेच्या तोंडी उरलेल्या इंग्रजीत विभक्तिप्रत्ययांची आधीच सुरू झालेली झीज राजाश्रयाचे बंधन सुटल्यामुळे अधिकच निर्वेध झाली. पुढे १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली व फ्रेंचशी असलेले नाते सैलावले, १३४८ च्या महामारीने मजुरांचे, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या इंग्रजीचेही, मोल वाढविले, आणि १३६२ मध्ये फिर्यादी-जबाब इंग्रजीतून चालावेत असा कायदा झाला. मौज अशी की, तो कायदाच मुळी फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, व दप्तर लॅटिनमध्ये ठेवावे, असे त्यातच फर्मावले होते. वकीलमंडळींनी तर आपली मोडकीतोडकी फ्रेंच पुढेही कित्येक पिढ्या, आमच्या कारकुनांनी फारसी मायने जपावेत त्या निष्ठेने, जपली. दप्तर सक्तीने इंग्रजीत आणणारा कायदा १७३३ मध्ये अंमलात आला, तोवर त्या इंग्रजीत हजारो फ्रेंच शब्द घरच्यासारखे नांदत होते.