मोडलेला टॅप आणि ठिणगी

जाम झालेल्या बोल्टची मुंडी पान्याखाली उडाली, तर आत राहिलेला तुकडा काढण्याची रीत ठरलेली आहे. त्याच्या मध्यावर पंच मारायचा, ड्रिलने भोक पाडायचे, त्यात उलट्या आट्यांचा निमुळता इझी-आउट बसवायचा आणि डावीकडे फिरवायचा. बरेचदा बोल्ट निमूटपणे बाहेर येतो. नाही आला आणि हाताने जोर जरा जास्त लावला, तर इझी-आउटच आत मोडतो. खरे दुखणे तिथून सुरू होते. साधा बोल्ट तुलनेने मऊ असतो, त्याला ड्रिल खाते. इझी-आउट काय किंवा आटे पाडताना मोडलेला टॅप काय, दोन्ही पाणी पाजलेल्या पोलादाचे असतात. हायस्पीड स्टीलच्या टॅपची कठीणता रॉकवेल सी मापावर साधारण 62 ते 65 भरते आणि ड्रिलचीही तेवढीच. मग ड्रिल त्यावरून घसरते, शेजारच्या बिडात किंवा ॲल्युमिनियममध्ये शिरते आणि भोकाची वाट लावते.

हे दुखणे पूर्वी इतके हटवादी नव्हते. एकोणिसाव्या शतकात टॅप साध्या कार्बन पोलादाचे असत. मोडलेला तुकडा लालबुंद तापवून सावकाश थंड होऊ दिला की तो मऊ पडे आणि ड्रिलने निघे. शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेतील बेथलेहेम स्टील कारखान्यात हायस्पीड स्टीलच्या हत्यारांची पद्धत बसवली, आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगापुढे आली. हे पोलाद लाल तापले तरी धार सोडत नाही. पुढे ड्रिल आणि टॅपही त्याचेच होऊ लागले. काम झपाट्याने होऊ लागले, पण मोडलेला तुकडा भट्टीशिवाय मऊ करण्याची सोय गेली.

उरले रसायन. घड्याळजींची जुनी युक्ती अशी की पितळी भागात मोडलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. पोलाद हळूहळू विरघळते, पितळ शाबूत राहते. युक्ती नामी आहे, पण ती चिमुकल्या भागांपुरतीच. बिडाच्या इंजिन ब्लॉकवर ती चालत नाही, कारण तुरटीला बीड आणि पोलाद यांत फरक दिसत नाही.

सुटका झाली ती ठिणगीने. विजेची ठिणगी धातूवर खड्डे पाडते, हे इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली यांनी 1770 च्या सुमारास नोंदवून ठेवले होते. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे हा विजेचा एक उपद्रवच मानला गेला. दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोमध्ये बोरिस आणि नताल्या लाझारेंको या दांपत्याकडे काम आले तेही उपद्रव थांबवण्याचेच. ठिणग्यांनी टंगस्टनचे विद्युत-स्पर्शबिंदू झिजत होते, ती झीज कमी करायची होती. दोघांनी ते तेलात बुडवून पाहिले. झीज थांबली नाही, मात्र ठिणग्या जास्त एकसारख्या पडू लागल्या. जी थांबत नाही ती झीज कामाला का लावू नये, असा उलटा विचार त्यांनी केला आणि 1943 मध्ये ठिणगीने धातू कोरण्याची पद्धत मांडली. रोध आणि धारित्र जोडून केलेले त्यांचे परिपथ पुढे बरीच वर्षे यंत्रांत वापरले गेले.

त्याच युद्धकाळात अमेरिकेत हॅरॉल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर हे तिघे दुसऱ्या टोकाकडून याच जागी पोचले. त्यांच्यापुढे होते ॲल्युमिनियमचे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि त्यांत अडकलेले मोडके टॅप व ड्रिल. पहिल्या ठिणग्या फार दुबळ्या ठरल्या. ताकद वाढवल्यावर वितळलेला चुरा भोकातच साचू लागला, म्हणून द्रवाचा प्रवाह सोडावा लागला. विद्युतचुंबकाने इलेक्ट्रोड सतत वर-खाली करून सेकंदाला सुमारे 60 ठिणग्या मिळवल्या. नंतर निर्वात नळ्यांच्या परिपथांनी हा आकडा हजारोंवर नेला.

काम चालते ते असे. टॅपच्या गाभ्याहून किंचित जाड अशी तांब्याची किंवा पितळेची नळी त्याच्या डोक्यावर आणतात. 8 मिमी टॅपला 3-4 मिमीची नळी पुरते. दोहोंत केसाहून बारीक फट असते आणि तीत रॉकेलसारखा वीज अडवणारा द्रव. विद्युतदाब पुरेसा चढला की द्रवाचा बांध फुटतो, ठिणगी पडते, आणि त्या टिंबावर तापमान क्षणभर 8000 ते 12000 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. धातूचा कण वितळून उडतो, द्रव त्याला वाहून नेतो. कठीणतेला येथे काही किंमत नाही. धातूतून वीज वाहिली म्हणजे झाले. नळीही थोडी झिजते. गाभा जळून गेला की टॅपच्या धारा सुट्या होतात आणि चिमट्याने उचलता येतात. भोकाचे आटे शाबूत राहतात, हे या रीतीचे खरे मोल.

याच तंत्रातून पुढे डाय आणि साचे कोरणारी यंत्रे झाली, नळीच्या जागी तार आल्यावर वायरकट झाले, आणि मूळचे टॅप काढणे जोडधंदा होऊन बसले. पुण्यातही अशी यंत्रे बनतात. औद्योगिक वसाहतींमध्ये सुटा भाग घेऊन गेल्यास टॅप जाळून देणारे स्पार्क मशीनवाले भेटतात, आणि जागेवरच काम करणारी हलकी यंत्रेही आता मिळतात. स्वस्तातल्या पट्टीतला बोल्ट असेल तर हा खर्च करू नये, पट्टीच बदलावी. भाग महागाचा असेल, तर इझी-आउट मोडल्यानंतर ड्रिलला हात लावू नये. बिघडलेले भोक ठिणगीलाही सुधारता येत नाही.