खरें नाणें, खोटें नाणें

जामखेड तालुक्यांत सीना नदीच्या कांठीं चौंडी नांवाचें गांव आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालीं येथें झाला. १७६७ पासून १७९५ मध्यें देह ठेवीपर्यंत त्यांनीं नर्मदातीरीं महेश्वरास राहून होळकरांच्या दौलतीचा कारभार केला. त्यांच्या काळचा एखादा रुपया आपल्या संग्रहीं असावा, असें वाटणारीं घरें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. समजा, अशा एखाद्या घरास इंटरनेटच्या बाजारांत दोन नाणीं दिसलीं. एकावर हातीं शिवपिंड घेतलेल्या अहिल्याबाई असून भोंवतीं सुवाच्य देवनागरी अक्षरें आहेत. दुसऱ्यावर अर्धवट उमटलेली फारसी लिपि, तिच्यांत दिल्लीच्या शाह आलम पातशहाचें नांव, आणि शिवलिंग व बेलाचें पान एवढेंच दिसतें. श्रद्धाळू मन पहिल्याकडे धांव घेईल. इतिहासाचा कौल मात्र दुसऱ्याच्या बाजूनें पडतो.

याचें कारण असें. अठराव्या शतकांत हिंदुस्थानांतील बहुतेक सत्ताधीश आपापल्या टांकसाळींतून रुपये पाडीत, पण ते पातशहाच्या नांवानें. पातशाही मोडकळीस आली होती. तथापि सराफाच्या पेढीवर रुपया चालावयाचा, तर त्यावर ओळखीचा ठसा हवा होता. महेश्वरी रुपयानें हा रिवाज पाळला आणि लिंग व बेलपत्र हीं आपलीं चिन्हें त्यांत बसविलीं. राज्यकर्त्याची तसबीर रुपयावर घालण्याची चाल त्या काळच्या मराठी टांकसाळींत नव्हती. अहिल्याबाईंच्या मूर्तीचें ३०० रुपयांचें स्मारक-नाणें भारत सरकारनें काढलें, तें त्यांच्या त्रिशताब्दीच्या वेळीं, २०२५ सालीं.

तेव्हां पहिला प्रश्न हा कीं, वस्तूंत तिच्या काळास ठाऊक नसलेलें असें कांहीं आहे काय? एका बाजूस राम-सीता किंवा मारुति आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव व १८१८ हें साल, असे तुकडे बाजारांत पुष्कळ फिरतात. कंपनीनें अशीं नाणीं कधींही पाडलीं नाहींत. तिनें मुंबई इलाख्यासाठीं १८०४ सालीं काढलेलें तांब्याचें नाणें पाहावें: एका अंगास कंपनीचें मानचिन्ह, दुसऱ्या अंगास तराजू, आणि पारड्यांच्या मध्यें न्याय या अर्थाचा ‘अदल’ हा अरबी शब्द.

दुसरी परीक्षा घडणीची. जुना रुपया ठशाखालीं धातूची चकती ठेवून हातोड्याच्या घावानें पाडीत. ठसा चकतीहून मोठा असे, म्हणून मजकूर कडेला तुटतो आणि प्रत्येक रुपयावर निराळा तुटतो. बनावट नाणें बहुधा सांच्यांत ओतलेलें असतें. त्याच्या अंगावर बारीक छिद्रें, कडेला सांध्याची रेघ, आणि अक्षरांस बोथटपणा येतो. ठशांतील दोष अनेक खऱ्या नाण्यांवर सारखा उमटेल. पण वापरांत पडलेला तोच ओरखडा त्याच जागीं दोन रुपयांवर आढळला, तर त्यांपैकीं निदान एक ओतीव खास. वजनही बोलतें. १०.५ ग्रॅम शुद्ध चांदी पाण्यांत बुडविली असतां सुमारें १ ग्रॅम हलकी भरते; तितकेंच पितळ सुमारें सव्वा ग्रॅम हलकें भरतें.

परंतु हें सारें ताडून पाहण्यास खरीं नाणीं उपलब्ध असतात म्हणून साधतें. जी वस्तु बाजारांत आलीच नाहीं, तिचें काय? १९३६ सालीं आठव्या एडवर्डनें गादी सोडली आणि त्याच्या मुद्रेचीं ब्रिटिश नाणीं नमुन्यापुरतींच राहिलीं. त्यांतील एक सुवर्णनाणें २०२० सालीं १० लाख पौंडांस गेलें. त्याच वर्षीं निन्तेंदो आणि सोनी या जपानी कंपन्यांनीं मिळून योजिलेल्या, पण विक्रीस न आलेल्या खेळयंत्राचा एक नमुना अमेरिकेंत ३,६०,००० डॉलरांस विकला गेला. ऐनवेळीं रद्द झालेल्या व्हिडिओ गेमच्या चांचणीपुरत्या केलेल्या कॅसेटींचाही असाच व्यापार चालतो, आणि तेथें लबाडीस मोठा वाव असतो.

तरी कसोटी तीच. कॅसेटींतील चिपेवर बहुधा तिच्या निर्मितीचा आंकडा छापलेला असतो. ९३४२ म्हणजे १९९३ चा ४२ वा आठवडा. खेळ त्यापूर्वींच सोडून दिला असेल, तर कॅसेट खोटी ठरते. उलट चीप जुनी निघाली, म्हणून आंतला खेळही जुना, असें मात्र म्हणतां येत नाहीं. त्या काळची चीप अतिनील प्रकाशांत धरली कीं पुसली जाते आणि पुन्हा लिहितां येते. जुन्या बाडांतील कोऱ्या पानावर आज मोडी पत्र लिहिण्यासारखाच हा प्रकार आहे: कागद खरा, पत्र खोटें. म्हणून चिपेंतील मजकूर वाचून पाहावा लागतो. तो आधींच सर्वत्र फिरत असलेल्या प्रतीशीं अक्षरशः जुळला, तर ती कॅसेट काल तयार झाली नसेल कशावरून?

अखेर भिस्त राहते ती वस्तूच्या प्रवासावर. वरील खेळयंत्र २००९ सालीं एका दिवाळें निघालेल्या कंपनीच्या सामानाच्या लिलावांत मिळालें होतें आणि सोनीचा एक माजी वरिष्ठ अधिकारी पुढें त्या कंपनींत होता. ही सांखळी तपासतां येण्याजोगी होती. ‘आजोबांच्या पेटींत सांपडलें’ ही सांखळी नव्हे. जुन्या नाण्यानोटांच्या खरेदीविक्रीच्या खोट्या प्रलोभनांस बळी पडूं नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेसही २०२१ सालीं द्यावा लागला.

पैसे बुडतात हें नुकसान लहान नाहीं. पण त्याहून मोठें नुकसान इतिहासाचें होतें. अहिल्याबाई निवर्तल्या त्याच १७९५ सालीं, मार्च महिन्यांत, याच जामखेड तालुक्यांत खर्ड्यास मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला. उद्यां त्या शिवारांत नांगरतांना कोणास चार रुपये सांपडले, तर १८७८ च्या निखात निधि अधिनियमाप्रमाणें कलेक्टरास कळविणें त्याचें कर्तव्य आहे. तसें न करतां ते गुपचूप विकले गेले, तर नाणीं जगतील. पण तीं कोठें, किती खोल, कशाच्या जोडीनें पडलीं होतीं, हें कायमचें पुसलें जाईल. आणि त्यांवर फारसी लिपि आहे, आपल्या राणीची मूर्ति नाहीं, म्हणून तीं सोनाराच्या मुशींत गेलीं, तर खोट्यानें खऱ्याचा जीव घेतला असें होईल. अहिल्याबाईंवर ज्याची श्रद्धा आहे, त्यानें त्यांचा रुपया जसा होता तसाच ओळखावयास शिकणें हीच त्या श्रद्धेची शोभा आहे.