एक अंक, दोनशे वर्षे

अंबरनाथ स्थानकापासून पूर्वेला गेले की वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणाचे शिवमंदिर लागते. मुलांना तिथे नेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे किती जुने?" गावात मिळणारे उत्तरही ठरलेले असते : पांडवांनी एका रात्रीत बांधले. आपण शिक्षक ते दुरुस्त करतो आणि सांगतो, "इ. स. १०६०." मुले वहीत लिहून घेतात. पण एखादी मुलगी विचारते, "कशावरून?" खरा धडा तिथून सुरू होतो.

मंदिराच्या उत्तरेकडील दारावरच्या तुळईवर एक शिलालेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील माम्वाणी राजाचा तो आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला, तेव्हा त्यातील वर्ष त्यांना शक ७८२ असे दिसले. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा तपासला. त्यांच्या वाचनाप्रमाणे पहिला अंक सात नव्हता, नऊ होता. शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले! भगवानलाल हे भाऊ दाजींचेच साहाय्यक होते. गुरूचा आकडा शिष्याने बदलला, आणि त्यात कोणाचाही अवमान झाला नाही.

पण दुसरे वाचन बरोबर कशावरून? हे आपण वर्गातही ताडून पाहू शकतो. याच शिलालेखात माम्वाणीचा थोरला भाऊ छित्तराज याचेही नाव आहे. त्यामुळे मंदिराचे काम त्याने सुरू केले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. या छित्तराजाचा एक ताम्रपट भांडुपला सापडला आहे आणि त्यावर शक ९४८ हे वर्ष आहे. मग लेख शक ७८२ चा धरला, तर त्यात एकशे सहासष्ट वर्षांनंतरच्या राजाचे नाव कसे आले? शक ९८२ धरले की अडचण उरत नाही. दोन वेगळे पुरावे एकमेकांना दुजोरा देतात. इतिहासातही प्रयोगाचा पडताळा घेता येतो, तो असा.

आता हाच प्रश्न मंदिराच्या दगडाला विचारू. मंदिर १०६० चे, दगड केव्हाचा? हा दगड बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. तो त्याच्या मूळ जागी पाहायचा तर बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला जावे. तिथे ओढा काळ्या खडकावरून खाली कुंडात पडतो. (मुलांना पावसाळा ओसरल्यावरच न्यावे आणि कुंडात उतरू देऊ नये. तिथे बुडून माणसे दगावली आहेत.) या खडकावर कोणी शक कोरलेला नाही, तरी त्याचे वय काढता येते. खडकात पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सारी प्रकार ठराविक गतीने अरगॉन वायूत बदलतो. निम्मा संपायला सुमारे सव्वाशे कोटी वर्षे लागतात. लाव्हा थिजल्यावर तयार झालेला अरगॉन खडकात अडकून राहतो. दोहोंचे प्रमाण मोजले की वय कळते. दख्खनचे हे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. शिल्पकाराने ज्या दगडावर छिन्नी चालवली, तो तेव्हाही तेवढाच जुना होता.

देऊळ झाले, दगड झाला; राहिली नदी. मंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची कोनशिला बसली, आणि नाव उल्हास नदीवरून पडले. ज्यांच्या गावाची नदी सीमेपलीकडे राहिली, त्यांच्या नव्या गावाला नाव मिळाले ते एका नदीचेच. पण त्या गावातून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या आणि घरांच्या सांडपाण्याने काळी झाली. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर तिच्यात रासायनिक कचरा ओतला गेला. त्यातून उठलेल्या वायूने काठावरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले.

मंदिर संरक्षित स्मारक आहे. त्याचा दगड कोणी हलवू शकत नाही. ज्या नदीसाठी ही जागा निवडली गेली असावी, ती मात्र त्या संरक्षणाबाहेर राहिली. आम्हाला वाटते, सहल मंदिराच्या आवारात संपवू नये. मुलांना नदीच्या काठापर्यंत न्यावे आणि दुरूनच पाण्याचा रंग, वास, फेस, तारीख अन् वेळ वहीत टिपायला सांगावे. पाण्याला हात लावू देऊ नये. पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच जागी पुन्हा नोंद करावी.

अशा दहा वर्षांच्या वह्या जपल्या, तर तोही एक शिलालेखच होईल. आणि उद्या कोणी विचारले, "नदी बिघडली, कशावरून? सुधारली, कशावरून?" तर दाखवायला आपल्याजवळ पुरावा असेल. फक्त अंक सुवाच्य काढायला सांगा. सात आणि नऊ यांत केवढा फरक पडतो, हे आपण पाहिलेच आहे.