मिनी मोटारीची उंची

मोटार जमिनीलगत आणण्याची हौस म्हणजे तरुणांची निव्वळ चैन, असा आपला समज असतो. मिनी या इंग्रजी मोटारीची हकीकत पाहिली म्हणजे तो थोडा सैल करावा लागतो.

सन १९५६ च्या सुएझ प्रकरणामुळें इंग्लंडांत पेट्रोलचें रेशनिंग आलें, आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनीं अलेक इसिगोनिस यांस छोटी गाडी रचण्यास सांगितलें. २६ ऑगस्ट १९५९ रोजीं ती प्रसिद्ध झाली. लांबी सुमारें दहा फूट, चाकें दहा इंची, आंत मात्र चौघांपुरती जागा! एवढ्याशा देहांत पोलादी स्प्रिंगांस ठाव कोठून मिळावा? तेव्हां इसिगोनिस यांचे स्नेही अलेक्स मोल्टन यांनीं रबराचा शंकू योजिला. रबर जसजसें दबतें तसतसें ताठ होत जातें. त्यामुळें एकटा चालक असो वा सारें कुटुंब असो, गाडी फारशी बसत नाहीं. (मोल्टन यांच्या घराण्यांत रबराचा धंदा १८४८ पासूनचा. वडिलोपार्जित विद्या अशीही कामास येते.)

ही गाडी शर्यतींतही चमकेल हें जॉन कूपर यांनीं ओळखलें. इसिगोनिस यांस तें प्रथम रुचलें नाहीं. त्यांची गाडी सामान्य गृहस्थासाठीं होती. तरी १९६१ सालीं मिनी कूपर निघाली, आणि १९६४ सालीं माँटे कार्लोची रॅली तिनें जिंकली. गाडी जितकी खालीं, तितकी ती वळणावर कमी कलते. म्हणून शर्यतवाले ती उतरवूं लागले, आणि त्यांचें पाहून बाकीचेही.

कृति सोपी आहे. शंकूखालचा अल्युमिनियमचा तुतारीसारखा दांडा थोडा कातावयाचा, किंवा त्याजागीं आटे असलेला दांडा बसवावयाचा. पण मध्यें तरफ असल्यानें दांड्यांतला एक मिलिमीटर चाकाशीं कित्येक पट होतो, आणि हौशी माणूस येथेंच फसतो. चाकास वर येण्यास अवकाश उरत नाहीं. मूळचीच उसळणारी गाडी प्रत्येक खड्ड्यांत ठणकन् आदळते. मोल्टन यांनीं मोठ्या कष्टानें मिळविलेलें तें केवळ डौलासाठीं घालवावें, हें मला पटत नाहीं.

तथापि, 'मूळ उंची'चा कैवार घेणाऱ्यांनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रबर वयोमानानें बसतें. कोणीं हात न लावतांही जुनी मिनी हळूहळू खालीं येते. आटे असलेला तोच दांडा आज पुष्कळ मालक बसवितात, तो गाडी पुन्हा वर उचलण्यासाठीं.